मे अखेरीस राजगड-तोरणा एका दिवसात: निघायचं कधी, पाणी किती आणि कुठे थांबायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पुण्यातले पाच जण, त्यात दोघी मुली, सिंहगड दर रविवारचा, कात्रज-सिंहगड एकदा पौर्णिमेच्या रात्री केलेलं, आता मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांच्या सुट्ट्या जुळतायत म्हणून राजगडावरून डोंगराच्या धारेधारेने तोरण्याला एका दिवसात जायचंय, तर जमेल का, पाणी किती लागेल आणि उन्हाचं काय करायचं. मी ही धार वीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंत चाललेय, मेमध्ये सहा वेळा, आणि त्या सहापैकी दोनदा अर्ध्यातून खाली उतरलेय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

जमेल. फक्त दिशा बदला आणि घड्याळ बदला. राजगडावरून तोरण्याला नको, तोरण्यावरून राजगडाला या, आणि पहाटे नाही, रात्री तीनला तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यातून चालायला लागा. नुसतं "लवकर निघा" हे सगळेच सांगतात आणि मग लोक सहाला निघतात, म्हणून का ते नीट सांगते.

मे अखेरीला सह्याद्रीच्या माथ्यावर दिवसाला दोन्हीकडून कात्री लागते. ऊन सांगतं बारा ते साडेतीन सावलीत गप्प बसा आणि ऊन उतरलं की चाला. वळीव सांगतो दुपारी दोननंतर उघड्या धारेवर दिसूसुद्धा नका. आता दोघांचं ऐकायचं म्हटलं तर चालायला उरते फक्त रात्र आणि सकाळ, बाकी काही उरतच नाही. बहुतेक लोक फक्त उन्हाचा विचार करतात, दुपारी झाडाखाली झोप काढतात, चारला ताजेतवाने होऊन उठतात आणि साडेचारला ढग डोक्यावर घेऊन नेमके सगळ्यात उघड्या जागी पोचतात.

उन्हाबद्दल एक गैरसमज आधी काढून टाका. तोरणा १४०३ मीटर, पुणे साधारण साडेपाचशे, दर हजार मीटरला साडेसहा अंश कमी असा ढोबळ हिशेब धरला तर वर पाचेक अंशांनी गार असतं, पुण्यात ३७ असेल तर माथ्यावर ३१-३२, वारा पण असतो, मग लोकांना वाटतं वर बरं आहे. पण मे संपत आला की पश्चिमेचा वारा समुद्रावरचा दमटपणा घेऊन घाटमाथ्यावर चढायला लागतो. एप्रिलमध्ये घाम येतो आणि वाळतो, अंग गार होतं. मेच्या शेवटी घाम येतो आणि नुसता ओघळतो, शर्ट चिकटून बसतो, अंगातली उष्णता काही बाहेर जात नाही. त्यात खालून कातळ तापलेला, आजूबाजूचं गवत एक तर वाळून पिवळं पडलेलं नाहीतर वणव्यात जळून काळं झालेलं, म्हणजे खालून पण भाजणार. आकडा ३२ चा दिसतो आणि काम चाळिशीचं करतो.

आणि हाच दमटपणा दुपारी वर उचलला जाऊन ढग होतो. सकाळी दहापर्यंत आभाळ स्वच्छ निळं असतं, बाराला तोरण्याच्या पाठीमागे पांढरे कापसाचे ढीग दिसायला लागतात, दोनला त्यांचे बूड काळे पडतात. रोज पडेलच असं नाही पण पडला तर याच क्रमाने पडतो. शिवाय मे म्हणजे कोरडा हे गणित पण आता धरून चालू नका, २०२५ ला मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत दाखल झाला होता, नेहमीच्या तारखेच्या केरळात आठवडाभर आणि मुंबईत दोन आठवडे आधी. त्या आठवड्यात ट्रेक ठरवलेल्यांना भर पावसाळ्यातली धार मिळाली. तेव्हा आदल्या दिवशी हवामान खात्याचा पुणे जिल्ह्याचा घाटमाथ्याचा इशारा बघा, विजांचा पिवळा इशारा असेल तर मी धारेवर जात नाही, त्या दिवशी नुसता तोरणा करून दहाच्या आत खाली येते.

आता दिशा. राजगड पूर्वेला, तोरणा पश्चिम-वायव्येला, मध्ये डोंगरधार, गडापासून गडापर्यंत वळणं-चढउतार धरून साधारण बारा-चौदा किलोमीटर. या धारेला मध्ये एका खिंडीत वेल्हे-भुतोंडे डांबरी रस्ता आडवा कापतो. अख्ख्या दिवसात बाहेर पडायला सोपी अशी ही एकच जागा आहे आणि ती बरोबर मध्यावर नाही, राजगडाच्या बाजूला सरकलेली आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून (माची म्हणजे बालेकिल्ल्याखालची तटबंदीची सपाटी) उतरत आलात तर दीड-दोन तासांत खिंड, आणि खिंडीतून तोरण्याची बुधला माची मात्र साडेतीन-चार तास. म्हणजे राजगडाकडून आलात तर खिंड सकाळी आठ-साडेआठलाच येते, सगळे ताजे असतात, कुणाच्या मनातही येत नाही की इथे थांबावं, आणि मग पुढचे चार तास मध्ये सुटायला जागा नाही, ऊन चढत जाणार, आणि शेवटी भर बारा-एकला तोरण्याचा अंगावर येणारा चढ, घसारा म्हणजे सुट्या मुरमाचा उतार, आणि तापलेली लोखंडी शिडी. दुपारी त्या शिडीच्या दांड्याला हात लावा म्हणजे कळेल मी काय म्हणते. आणि उशीर झालाच तर वळीव गाठतो तो बुधल्यावर, तिथे लपायला काही नाही.

तोरण्याकडून आलात तर अवघड सगळं गार वेळेत उरकतं. शिडी आणि घसारा सकाळी सातपर्यंत, लांबलचक धार सात ते साडेदहा, आणि खिंड अशा वेळी येते की तोपर्यंत प्रत्येकाचा खरा दम कळलेला असतो. तिथे थांबायचं की पुढे जायचं हा प्रश्न तेव्हा खरा असतो. शिवाय ढग आलेच तर तुम्ही राजगडावर असता, पद्मावती मंदिराचं पक्कं छप्पर डोक्यावर असतं. सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं एवढा एकच तोटा, टोपीचा काठ रुंद घ्या.

माझा नियम साडेदहाचा आहे. शेवटचा माणूस साडेदहाला खिंडीत असेल तर राजगड, नाहीतर ट्रेक तिथे संपला, तिथे बोलावून ठेवलेल्या जीपमध्ये बसायचं आणि वेल्ह्यात जाऊन जेवायचं. पावणेअकरा चालेल का असं त्या जागी कुणी विचारू नये म्हणून हे घरून निघतानाच सगळ्यांसमोर ठरवून घ्या, कारण खिंडीत उभं राहिल्यावर समोर राजगड इतका जवळ दिसतो की वाद घालायला प्रत्येकाकडे मुद्दे असतात.

आता दिवस कसा जातो ते. आदल्या संध्याकाळी पुण्याहून बंगळूर हायवेने चेलाडी फाटा, नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्यात या, घरगुती जेवण मिळतं, नऊला झोपा. अडीचला उठून प्रत्येकाने अर्धा लिटर पाणी तिथेच प्यायचं, तहान असो नसो. रात्री गडावर चढू देतायत का हे पण संध्याकाळीच गावात विचारून घ्या, नियम बदलत असतात. वेल्ह्यातून तोरण्याची वाट मळलेली आहे, चढ चांगला दणदणीत आहे पण वरच्या कातळाच्या टप्प्यात रेलिंग आहेत, हेडलॅम्पवर व्यवस्थित जमतं. मोबाईलचा टॉर्च नको, हात मोकळे पाहिजेत. उकाड्याच्या रात्री साप वाटेवर येऊन पडतात, विशेषतः फुरसं, ते इतकं छोटं आणि मातीच्या रंगाचं असतं की वेगाने चालणाऱ्याला दिसतच नाही, त्यामुळे पुढच्याने उजेड पायाच्या दोन पावलं पुढे ठेवायचा आणि दगडाच्या कपारीत न बघता हात घालायचा नाही.

अडीच तासांत बिनी दरवाजा, मग कोठी दरवाजा, आणि मेंगाई देवीच्या मंदिरापाशी येईपर्यंत उजाडतं. मेमध्ये सहाच्या आसपास सूर्य वर येतो आणि तो राजगडाच्या डावीकडून येतो, बालेकिल्ल्याचा त्रिकोण काळा आणि बाजूला केशरी आभाळ, आणि आज दुपारपर्यंत आपल्याला त्या गडावर पोचायचंय. मी दर वेळी इथे पंधरा मिनिटं काही न बोलता बसते. शिवाजी महाराजांनी हा गड घेतला, इथे सापडलेलं धन समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधायला लावलं, म्हणजे आज तुम्ही जी धार चालणार ती त्या दोन गडांना जोडणारी आहे, आणि ते पुस्तकात वाचणं वेगळं आणि पहाटे झुंजार माचीचा वारा खात समोर बघणं वेगळं.

कोकण दरवाज्यातून बुधला माचीकडे निघालात की खरी धार सुरू होते. उपड्या ठेवलेल्या तेलाच्या बुधल्यासारखा सुळका म्हणून बुधला माची. इथून खालच्या सोंडेवर उतरायचं, शिडी आणि घसारा, इथे मी जरा थांबते कारण मेमध्ये सगळ्यात जास्त लोक इथे पडतात. पावसाळ्यात निसरडं असतं हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून सगळे जपून उतरतात. उन्हाळ्यात कोरडं आहे म्हणून बिनधास्त उतरतात, आणि कोरडा मुरूम म्हणजे कातळावर पसरलेली ज्वारी. पाऊल टाकलं की वरचा थर घेऊनच खाली जातं. तोंड दरीकडे करून सरळ उतरू नका, थोडं आडवं व्हा, डोंगराकडचा पाय वर, दरीकडचा खाली, पाऊल छोटं, टाच आधी रुतवायची आणि ती बसली असं जाणवलं की मगच वजन टाकायचं. मागे रेलून बसायचा मोह होतो, रेललात की पाय पुढे निसटतात, गुडघे वाकवून वजन पायावरच ठेवा. गवताला धरायचं नाही, मेमधलं गवत मुळासकट हातात येतं, कारवीची काठी वाळलेली असेल तर काडकन मोडते. एका वेळी एकच माणूस, खालचा बाजूला झाल्याशिवाय वरच्याने हलायचं नाही, कारण दगड सुटतातच. सुटला की "दगड!" असं जोरात ओरडायचं. शिडीवर तोंड शिडीकडे, सॅकचे लोंबणारे पट्टे आत खोचलेले. पाच जणांना चाळीस मिनिटं लागतील, लागू द्या.

त्यानंतर साडेतीन तास धार. हा भाग मला या अख्ख्या ट्रेकमध्ये सगळ्यात प्रिय आहे. मध्येमध्ये दाट झाडीचे पट्टे, जांभूळ, हिरडा, करवंदाच्या जाळ्या काळ्याशार लगडलेल्या, आळूची फळं, तोरणाच्या झुडपांना उशिराची पांढरी फळं राहिली असतील तर तीही, या तोरणांवरूनच गडाचं नाव पडलं असं म्हणतात. झाडी संपली की दोन्ही बाजू उघड्या, उत्तरेला गुंजवणी धरण, दक्षिणेला भाटघरचं पाणी, मेमध्ये दोन्हीकडचं पाणी आत सरकलेलं असतं आणि काठाने गाळाचे पट्टे दिसतात, एकाखाली एक, प्रत्येक आठवड्याला पाणी कुठवर होतं ते वाचता येईल असे.

वाट चुकण्याची भीती इथेच आहे. कारण धनगरवाड्यांची गुरं रोज या उतारांवर फिरतात आणि त्यांच्या ढोरवाटा मुख्य वाटेपेक्षा जास्त मळलेल्या, जास्त सपाट आणि सावलीत असतात, पाय आपोआप तिकडे वळतो. डोंगराच्या कडेने चालताना माथा पाचसात मिनिटं वरच्या बाजूला राहिला तर ठीक, पण वाट सलग दहा मिनिटं एकाच बाजूला उतरत चालली आणि माथा दिसेनासा झाला तर थांबा आणि जिथून शंका आली तिथवर परत या, पुढे शॉर्टकट सापडेल म्हणून कारवीत घुसू नका. ट्रॅक ऑफलाइन डाउनलोड करून दोघांच्या फोनवर ठेवा. आणि पहिल्यांदाच जाताय तर गावातला एखादा मामा वाटाड्या म्हणून सोबत घ्या. त्यांना कुठल्या टाक्यात या महिन्यात पाणी आहे हे माहीत असतं, आपल्याला गेल्या वर्षीचं माहीत असतं.

आता पाणी. सरासरी अर्धा ते पाऊण लिटर तासाला धरा, रात्रीच्या चढाला थोडं कमी, उन्हात थोडं जास्त, सगळं मिळून माणशी सहा लिटर होतात, म्हणजे पाठीवर सहा किलो, आणि ते घेऊन तोरणा चढायचा तर त्या वजनानेच अजून घाम जातो. म्हणून त्या खिंडीतल्या रस्त्याचा उपयोग करून घ्या. वेल्ह्यातली एखादी जीप ठरवा, साडेदहाला खिंडीत पाण्याचे कॅन घेऊन उभी राहा म्हणून सांगा. मग वेल्ह्यातून निघताना माणशी चार लिटर पुरतात, खिंडीत परत अडीच-तीन भरून घ्यायचं. थांबायचं ठरलं तर बसायला गाडी पण तीच. फोनला रेंज धारेवर कुठेकुठेच असते त्यामुळे "फोन करतो" असं ठेवू नका, वेळ पक्की सांगा. गडावरच्या टाक्यांमध्ये पाणी असतं, तोरण्यावर मेंगाईपाशी, राजगडावर पद्मावतीच्या आसपास, पण मे अखेर म्हणजे तळाचं पाणी, ते भरवशाचं धरू नका. ताक-सरबतवाल्या मावशी शनिवार-रविवारी बसतात, आधल्यामधल्या वारी नसतात.

पण पाणी किती नेलं यापेक्षा ते पोटात गेलं का हा खरा प्रश्न आहे. २०११ च्या मेमधली गोष्ट. आम्ही आठ जण राजगडाकडून तोरण्याकडे निघालेलो, तेव्हा मी पण त्याच दिशेने जायचे. आमच्यात एक पंचवीसेक वर्षांचा मुलगा होता, रोज पळणारा, गटात सगळ्यात फिट. साडेबाराच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की हा बराच वेळ बोललेला नाही. मी म्हटलं बस, सॅक उघड, गूळ खा. तो बसला, छातीवरच्या पट्ट्याचं बकल उघडायला बोटं गेली, आणि ती बोटं बकलच्या दोन बाजूंना दाबण्याऐवजी वरून दाबत राहिली. परत परत. जे बकल त्याने सकाळपासून दहा वेळा उघडलं असेल ते त्याला उघडेना, आणि उघडत नाहीये याचं त्याला काही वाटतही नव्हतं. मग शांतपणे मला विचारलं, ताई खिंड कधी येणार? खिंड आम्ही तीन तासांपूर्वी ओलांडली होती.

जांभळीखाली आडवं केलं, बूट-शर्ट काढला, आठ जणांचं उरलेलं जवळजवळ सगळं पिण्याचं पाणी त्याच्या अंगावर ओतलं, मान, काखा, जांघा, आणि बसायच्या मॅटने वारा घालत राहिलो. पंधरा-वीस मिनिटांनी तो नीट बोलायला लागला तेव्हा कुठे त्याला घोटघोट पाणी दिलं, आधी नाही, कारण शुद्धीत गोंधळ असलेल्या माणसाला पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. जवळच्या वाड्यावरचे एक धनगरबाबा आरडाओरडा ऐकून हंडा घेऊन आले आणि त्यांनीच आम्हाला सोंडेवरून खाली गावात उतरवलं, संध्याकाळी दवाखाना, सलाईन, दुसऱ्या दिवशी घरी. त्याची सॅक मी उचलली होती, जड का वाटतेय म्हणून उघडली तर आत दोन बाटल्या सीलबंद. पाच लिटर आणलेलं, त्यातलं दोन लिटरला हातही लावलेला नव्हता. पाणी काढायचं तर सॅक उतरवायची, सॅक उतरवायची तर थांबायचं, आणि गट वेगात होता.

त्या दिवसापासून मी घड्याळाने थांबवते. दर वीस मिनिटांनी सगळे उभे, प्रत्येकाने चार-पाच घोट, मी बघणार. एक बाटली हाताशी येईल अशी बाहेर. आणि दर थांब्याला प्रत्येकाशी एक वाक्य बोलायचं ज्याला उत्तर द्यावं लागतं, नुसतं "ठीक ना?" नाही, त्याला सगळे हो म्हणतात. "आपण तोरण्यावरून किती वाजता निघालो?" असं काहीतरी विचारा. उत्तर चुकलं, पाय अडखळायला लागले, चिडचिड सुरू झाली की तो माणूस पुढे चालत नाही, आधी सावली आणि गारवा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं समजू नका, त्या मुलाला घाम येत होता. बोलणं असंबद्ध झालं की ती इमर्जन्सी, आधी अंग गार करायचं आणि मग हलवायचं. १०८ आणि ११२ माहीत असतातच, महाराष्ट्र माउंटेनीअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन पण सगळ्यांच्या फोनमध्ये निघण्याआधी सेव्ह करा.

नुसतं पाणी ढोसणं हेही बरोबर नाही, घामातून मीठ जातं आणि वरून साधंच पाणी पीत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस अजून पाणी पितो. सहा लिटरपैकी दोन लिटर ओआरएसचं करा, मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये, अर्ध्या बाटलीत कोंबायचं नाही. बाकी पन्हं, मीठ घातलेलं लिंबूपाणी, भाजलेले खारे शेंगदाणे, गूळ, दशम्या, काकडी. भाजी-पोळीचा डबा दुपारपर्यंत आंबतो.

दोघी मुलींसाठी हे मुद्दाम लिहिते, कारण दर वेळी बघते. उघड्या धारेवर आडोसा नाही म्हणून आपण पाणी कमी पितो. नका करू असं. झाडीचा पट्टा आला की मुलांना पाच मिनिटं पुढे जाऊन थांबायला सांगायचं, आणि हे निघतानाच सांगून ठेवायचं म्हणजे दर वेळी मागावं लागत नाही. सकाळी आठपर्यंत एकदाही लघवीला लागली नसेल किंवा रंग गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडतंय, हे मुलांनाही लागू.

खिंडीतून पुढे राजगडाची सोंड, दोन-अडीच तास, झाडी कमी आणि चढ सरळ. यातला शेवटचा तास बारा-एकच्या उन्हातच जातो, तो टळत नाही, म्हणून तो चढ अगदी सावकाश, पंधरा मिनिटं चालून पाच मिनिटं बसून. सुती पंचा भिजवून मानेवर ठेवा, दर थांब्याला परत भिजवा, टोपीच्या आतून सोडला तर कानही झाकतात. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी वर दिसायला लागते आणि बराच वेळ तेवढ्याच अंतरावर राहते. अळू दरवाज्यातून आत शिरलात की तटाच्या सावलीला टेका. ही माची तीन टप्प्यांत अडीचेक किलोमीटर लांब आहे, चिलखती बुरूज नीट बघायचे असतील तर परत हिवाळ्यात या, त्या दिवशी डोकं ते घेण्याच्या स्थितीत नसतं. सरळ पद्मावती माचीवर जा, मंदिरात थांबा, दोन ते चार विश्रांती. बालेकिल्ला त्या दिवशी नको, तिथला कातळ आणि दुपार दोन्ही नको.

वीज. चमकणं आणि गडगडाट यातले सेकंद मोजा, भागिले तीन, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की धारेच्या माथ्यावर राहायचं नाही, बाजूच्या उतारावर पन्नास-शंभर फूट तरी खाली उतरा, एकट्या झाडाखाली नाही, शिडी-रेलिंगजवळ नाही, कातळाच्या उथळ कपारीत पण नाही. एकमेकांपासून वीस-पंचवीस पावलं लांब, सॅकवर उकिडवे, पाय जोडून, छत्री बंद. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचं नाही. हे सगळं फक्त अडकलात तर करायचं, खरा उपाय साडेदहाचा नियम हाच आहे.

आग्या मोहोळं दोन्ही गडांच्या कड्यांना असतात. परफ्यूम, डिओ लावून येऊ नका, धूर करू नका, कड्यावर ओरडून प्रतिध्वनी काढू नका. उठल्याच माश्या तर हात न झटकता तोंड-डोकं कापडाने झाकून झाडीकडे पळायचं, आणि नांग्या नंतर नखाने खरवडून काढायच्या.

उतरायला पाली दरवाज्याची पायऱ्यांची वाट घ्या, गुंजवण्याचा चोर दरवाजा जवळ पडतो पण थकलेल्या गुडघ्यांना त्या कातळातल्या पायऱ्या नकोत. चारला निघालात तर साडेपाचला पायथा, जीपवाल्याला तिथेच बोलावून ठेवा, तुमची गाडी वेल्ह्यात आहे हे विसरू नका. आणि खाली करवंदं द्रोणात घेऊन बसलेल्या आज्या असतात, वर जाळ्या ओरबाडत बसण्यापेक्षा त्यांच्याकडून घ्या, पहाटेपासून काट्यात हात घालून वेचलेली असतात ती.